घाटकोपर ते मुलुंड, व्हाया अथेन्स

घाटकोपरहून मुलुंडला जायला किती वेळ लागतो? धीम्या लोकलनं पंधरा-वीस मिनिटं. मध्ये विक्रोळी, कांजूरमार्ग, भांडुप आणि नाहूर. डबा खायला काढावा तर झाकण उघडेपर्यंत मुलुंड येतं! पण गेल्या जानेवारीत आम्ही गेलो, तेव्हा आमची गाडी अडीच हजार वर्षं मागे जाऊन आली. रुळांवरून नव्हे हो, गप्पांमधून!

आम्ही म्हणजे सहावीची अकरा मुलं-मुली, दोन मुलांच्या आया, आमच्या शाळेचे शिपाईमामा आणि मी. जायचं होतं मुलुंडच्या एका मैदानावर भरलेल्या मालवणी जत्रेला, दशावतार बघायला. मामा मूळचे वेंगुर्ल्याकडचे. त्यांनीच ही बातमी आणली होती.

पण नुसती मजा म्हणून आम्ही निघालो नव्हतो. त्यामागे एक गोष्ट होती, आणि ती सांगताना मला थोडी लाज वाटते.

स्नेहसंमेलनाच्या तालमी चालल्या होत्या. चार मुलांनी एक प्रहसन बसवलं. त्यात वर्गातल्या एका मुलाची नक्कल होती. हा मुलगा बोलताना अडखळतो. एखादं अक्षर त्याच्या ओठांवर अडून बसतं, काही केल्या पुढे सरकत नाही. (त्याचं नाव मी सांगणार नाही, का ते तुम्हाला कळेलच.) नक्कल हुबेहूब झाली. सगळा वर्ग हसला. तो मुलगाही हसला. आणि मुलांनो, मीसुद्धा हसले.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलाशी आला. दुसऱ्या एका नाटुकल्यात त्याला राजाचा प्रधान व्हायचं होतं. म्हणाला, "बाई, प्र-प्रधान दुसऱ्याला द्या. मी पडदा ओढतो."

मी त्या चौघांना बोलावलं. रागावणारच होते, तेवढ्यात त्यांच्यातली एक चुणचुणीत मुलगी म्हणाली, "पण बाई, तुम्हीपण हसलात की! विनोदच होता तो."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी जाऊन पुस्तकं काढली. विनोदी नाटक आलं कुठून? कुणी पहिल्यांदा कुणाला हसलं? वाचता वाचता मी जाऊन पोचले थेट ग्रीस देशातल्या अथेन्स शहरात. जे सापडलं ते मुलांना गाडीत सांगायचं ठरवलं.

शनिवार दुपार, म्हणून बसायला जागा मिळाली. घाटकोपर सुटलं आणि मी सुरुवात केली.

"कॉमेडी हा शब्द ग्रीक आहे. 'कोमोस' म्हणजे नाचत, गात, एकमेकांच्या खोड्या काढत निघालेली मिरवणूक. त्या मिरवणुकीचं गाणं ते 'कोमोइदिया'. त्याचीच पुढे कॉमेडी झाली."

"म्हणजे आपल्या विसर्जनासारखं!" एकजण ओरडला.

"शिमग्यासारखा!" मामांनी दुरुस्ती केली. "सोंगां काढूक होयी, तर शिमगो!"

मामांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. शिमग्यात आपण सोंगं काढतो, एरवी ज्यांच्यापुढे मान वर करत नाही त्यांची टिंगल करतो, आणि कुणी रागावायचं नसतं. अथेन्समध्येही तसंच. डायोनिसस हा त्यांचा द्राक्षांचा आणि नाटकाचा देव. वसंत ऋतूत त्याचा मोठा उत्सव भरायचा आणि त्यात नाटकांच्या स्पर्धा होत. गंभीर, शोकान्त नाटकं आधीपासून होती. इ.स.पूर्व ४८६ मध्ये विनोदी नाटकांचीही अधिकृत स्पर्धा सुरू झाली.

नाट्यगृह कसलं? अक्रोपोलिस नावाच्या टेकडीचा दक्षिणेकडचा उतार. प्रेक्षक उतारावर बसायचे, खाली नटांची जागा, वर उघडं आकाश. सगळे नट मुखवटे घालायचे, आणि बायकांची कामंही पुरुषच करायचे. विनोदी नाटकात चोवीस जणांचा गाणारा-नाचणारा ताफा असे. हे चोवीसजण कधी पक्षी होऊन येत, कधी गांधीलमाश्या, कधी बेडूक. 'पक्षी', 'गांधीलमाश्या', 'बेडूक' ही खरोखरच नाटकांची नावं आहेत बरं का! ती लिहिणाऱ्या नाटककाराचं नाव अ‍ॅरिस्टोफेनीस. त्यानं चाळीसेक नाटकं लिहिली, त्यांतली अकरा आजही पूर्ण वाचायला मिळतात.

हे ऐकल्याबरोबर आमच्या अकराजणांनी डब्यात 'डराँव डराँव' सुरू केलं. समोरच्या काकांनी वर्तमानपत्र खाली घेतलं, आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा वर केलं. विक्रोळी आलं.

"मग ते कुणाला हसायचे?" त्या चुणचुणीत मुलीनं विचारलं. तिला मुद्दा बरोबर आठवत होता.

"क्लेऑनला," मी म्हटलं. "क्लेऑन हा त्या वेळचा अथेन्सचा सर्वांत वजनदार पुढारी. कातडी कमावण्याचा त्याच्या घरचा धंदा. अ‍ॅरिस्टोफेनीसनं त्याच्यावर टीका केली तेव्हा क्लेऑननं तक्रार करून त्याला अडचणीत आणलं. आपण असतो तर गप्प बसलो असतो. यानं काय करावं? इ.स.पूर्व ४२४ मध्ये 'घोडेस्वार' नावाचं नाटक लिहिलं, आणि त्यात क्लेऑनला भोळ्या म्हाताऱ्या मालकाला लुबाडणारा लबाड नोकर केलं. म्हातारा मालक म्हणजे कोण? तर अथेन्सची जनता! आणि गंमत म्हणजे क्लेऑनला नाट्यगृहात पुढच्या रांगेत बसायचा मान होता."

"बापरे! मग?"

"मग काय, नाटकाला पहिलं बक्षीस! आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याच लोकांनी क्लेऑनला सेनापती म्हणून निवडूनही दिलं. हसले आणि मतंही दिली."

यावर दोन्ही आया इतक्या जोरात हसल्या की मुलं त्यांच्याकडे बघत राहिली. आपल्याकडे तमाशात गण-गवळण झाली की वगात सोंगाड्या येतो आणि राजालाही सोडत नाही. वसंत सबनीसांचं 'विच्छा माझी पुरी करा' हे १९६५ सालचं लोकनाट्य त्याच घाटाचं. त्यात राजा आणि त्याचे अधिकारी यांची अशी काही फजिती होते की बघणारा पोट धरून हसतो. सोंगाड्या आणि अ‍ॅरिस्टोफेनीस यांची भेट कधी झाली नाही, पण दोघांचं जमलं असतं खास.

कांजूरमार्ग आलं. आता मला अवघड गोष्ट सांगायची होती.

"पुढच्याच वर्षी, म्हणजे इ.स.पूर्व ४२३ मध्ये, अ‍ॅरिस्टोफेनीसनं 'ढग' नावाचं नाटक केलं. या वेळी तो हसला सॉक्रेटिसला. सॉक्रेटिस पुढारी नव्हता. रस्त्यात, बाजारात लोकांना प्रश्न विचारणारा, विचार करायला लावणारा साधा माणूस. नाटकात त्याला टोपलीत बसवून वर टांगलं होतं, आणि खोट्याचं खरं करायला शिकवणारा भोंदू मास्तर म्हणून दाखवलं होतं. लोक हसले असतील. नाटक संपलं, सगळे घरी गेले. पण चोवीस वर्षांनी, इ.स.पूर्व ३९९ मध्ये, सॉक्रेटिसवर खटला झाला. देवांना मानत नाही, तरुणांना बिघडवतो, असे आरोप होते. त्याचा शिष्य प्लेटो यानं त्या वेळचं त्याचं भाषण लिहून ठेवलंय. त्यात सॉक्रेटिस सांगतो की तुमच्यातल्या कित्येकांच्या मनात लहानपणापासून माझ्याविषयी खोटं भरवलं गेलंय, आणि तो त्या नाटकाचीही आठवण देतो. न्यायसभेनं त्याला दोषी ठरवलं. त्याला विषाचा पेला प्यावा लागला."

डब्यात शांतता. नाटकामुळेच त्याचा जीव गेला असं काही म्हणता येणार नाही, कारणं पुष्कळ होती. पण एकदा झालेलं हसं चोवीस वर्षं लोकांच्या डोक्यात राहिलं, हे मात्र त्यानं स्वतःच सांगितलं.

खिडकीशी बसलेल्या आमच्या 'त्या' मुलानं पहिल्यांदाच तोंड उघडलं. "बाई, ना-नाटक चाललं होतं तेव्हा सॉक्रेटिसनं का-काय केलं?"

"एक जुनी आख्यायिका आहे," मी म्हटलं. "परगावचे काही प्रेक्षक आपसांत विचारत होते, हा सॉक्रेटिस म्हणजे कोण बुवा? तेव्हा प्रेक्षकांत बसलेला सॉक्रेटिस उठला आणि नाटक संपेपर्यंत तसाच उभा राहिला. बघा, मी तो."

तो काही बोलला नाही. बाहेर बघत राहिला. भांडुप गेलं.

"पण बाई, त्या नाटकाला बक्षीस मिळालं का?" मागून प्रश्न आला.

"तीच तर गंमत! 'ढग' आलं तिसरं, आणि स्पर्धेत नाटकं होती तीन. पहिला आला क्रॅटिनस. हा म्हातारा नाटककार. आदल्या वर्षी 'घोडेस्वार' नाटकात अ‍ॅरिस्टोफेनीसनं याचीही टर उडवली होती, की हा आता म्हातारा झाला, दारूपायी वाया गेला, बरळत हिंडतो. सगळ्यांना वाटलं, संपला क्रॅटिनस. पण त्यानं पुढच्याच वर्षी नाटक लिहिलं, त्याचं नाव 'दारूची सुरई'. आणि त्यात नायक कोण? स्वतः क्रॅटिनस! त्याची बायको कोण? तर 'कॉमेडी'! ती तक्रार करते की नवरा मला टाकून त्या सुरईच्या नादी लागलाय. लोक त्याला हसत होते ना, मग त्यानं ते हसू स्वतःच उचललं आणि सगळ्यांच्या आधी आपण हसला. त्याचं एकही नाटक आज पूर्ण उरलेलं नाही, पण ही गोष्ट उरली."

नाहूर येऊन गेलं होतं. मामा उठून उभे राहिले, "चला रे, मुलुंड इला!"

जत्रेला अजून वेळ होता. म्हणून मी मुलांना आधी मुलुंड पश्चिमेच्या महाकवी कालिदास नाट्यमंदिराकडे नेलं. नाटक बघायला नव्हे, नुसतं नाव वाचायला. याच भागात २०१८ साली अठ्ठ्याण्णवावं अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन भरलं होतं. अध्यक्ष होत्या कीर्ती शिलेदार. सलग साठ तास कार्यक्रम चालावेत असा त्याचा बेत होता. मुलांना 'सलग साठ तास' एवढंच आवडलं!

बाहेर उभं राहून आम्ही कालिदासाच्या विदूषकांची ओळख करून घेतली. 'शाकुंतला'तला माधव्य शिकारीला कंटाळलेला, खाण्यावर जीव, आणि राजा दुष्यंताला तोंडावर टोमणे मारणारा. 'मालविकाग्निमित्रा'तला गौतम तर साप चावल्याचं नाटक करून सगळ्यांना फसवतो. हा विदूषक राजाचा मित्र, पण बोलतो मात्र संस्कृत नव्हे, लोकांची प्राकृत भाषा. पुढे १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीला 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हा त्यांच्या नाटकांतही सूत्रधारापाठोपाठ विदूषक उड्या मारत आलाच.

मग मी त्यांना भरतमुनींच्या नाट्यशास्त्रातले हसण्याचे सहा प्रकार सांगितले. स्मित म्हणजे दात न दाखवता हसणं. हसित म्हणजे दात किंचित दिसतील असं. विहसित म्हणजे गोड, हलका आवाज करून. उपहसित म्हणजे नाकपुड्या फुगवून. अपहसित म्हणजे जिथे हसू नये तिथे हसणं, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आणि अतिहसित म्हणजे दोन्ही कुशी दाबून खो खो! फुटपाथवर सहाही प्रकारांची प्रात्यक्षिकं झाली. जाणारे-येणारे थांबून बघू लागले.

हसू ओसरल्यावर मी विचारलं, "त्या दिवशी तालमीत मी हसले, ते यांतलं कुठलं?"

कुणीच बोलेना. मग ती चुणचुणीत मुलगी हळूच म्हणाली, "अपहसित."

"बरोबर," मी म्हटलं, आणि त्या मुलाकडे वळून सगळ्यांसमोर म्हटलं, "माझं चुकलं."

तो बुटाच्या टोकाकडे बघत होता. "ठी-ठीक आहे बाई," एवढंच म्हणाला. बाकीच्या चौघांनी काय केलं ते मी सांगत नाही. ते त्यांनी मैदानाकडे चालताना, माझ्यापासून चार पावलं मागे राहून केलं.

जत्रेत पोचलो तेव्हा अंधार पडला होता. खाजा, मालवणी मसाला, कोकम सरबत, कोंबडीवडे! मामा तर माहेरी आल्यासारखे सगळ्यांशी बोलत होते. मंचावर पखवाज, झांज आणि पेटी लागली. पार्सेकर, मोचेमाडकर, वालावलकर अशी दशावताराची जुनी नावाजलेली मंडळं सिंधुदुर्गात आहेत. तिथं देवळाच्या जत्रेत रात्र रात्र हे नाटक रंगतं. पुराणातली गोष्ट ठरलेली, पण संवाद लिहिलेले नसतात. नट उभ्या उभ्या रचतात. आणि इथेही बायकांची कामं पुरुषच करतात, अथेन्ससारखी!

मुख्य कथेच्या आधी आड दशावतार असतो. हल्ली तो पुष्कळदा आटोपता घेतात, पण त्या दिवशी आमचं नशीब जोरावर होतं. आधी गणपती आला, मग मोरावर बसून सरस्वती, मग भटजी, आणि मग संकासुर! काळा वेश, काळ्या बुरख्यातून लोंबणारी लालभडक जीभ. हा वेद चोरणारा राक्षस. पण मुलं घाबरण्याऐवजी खिदळायलाच लागली. कारण हा राक्षस अस्सल मालवणीत बोलतो, भटजींची फिरकी घेतो, आणि प्रेक्षकांनाही सोडत नाही.

आणि नेमका तो मंचाच्या कडेला आला, वाकला, आणि आमच्या 'त्या' मुलाला म्हणाला, "खयचो रे तू?"

माझ्या पोटात गोळा आला. मुलगा उभा राहिला. "घा… घा… घा…"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. संकासुरानं हात वर करून त्यांना थांबवलं. कानाला हात लावला आणि नुसता उभा राहिला. पखवाजवालाही थांबला. किती वेळ गेला कुणास ठाऊक.

"…घाटकोपर!"

"घाटकोपर!" संकासुर म्हणाला. मग पेटीवाल्याकडे वळून कपाळावर हात मारून घेतला, "बघलास? ह्येका गावाचा नाव तरी सांगूक येता! मी चार वेद चोरलंय, पण एकाचा नाव माका सांगूक येणा नाय!"

सगळं मैदान हसलं. संकासुराला हसलं. आणि सगळ्यांत मोठ्यानं हसत होता तो आमचा मुलगा.

परतीच्या गाडीत मुलं पेंगत होती. मला अ‍ॅरिस्टॉटल नावाच्या ग्रीक पंडिताचं म्हणणं आठवलं. तो सांगतो, हसण्यासारखी गोष्ट म्हणजे अशी चूक किंवा असं व्यंग, की ज्यानं कुणाला वेदना होत नाही, कुणाचं नुकसान होत नाही. आपले मोठे विनोदकारही तसेच वागले. १९३३ सालच्या 'साष्टांग नमस्कार' नाटकात आचार्य अत्रे हसले ते माणसांच्या नादिष्टपणाला, सूर्यनमस्कारांनी सगळं बरं होतं असं मानणाऱ्या वेडाला. आणि जोगेश्वरी-पार्ल्यात लहानाचे मोठे झालेले पु. ल. देशपांडे 'असा मी असामी' मध्ये कारकून धोंडो भिकाजी जोशी होऊन स्वतःचीच फजिती सांगत राहिले. क्रॅटिनसनं ऐकलं असतं तर शाबासकी दिली असती.

तुमच्या गावी शिमग्यात, जत्रेत कोणती सोंगं निघतात? आजी-आजोबांना नक्की विचारा. आणि ती सोंगं कुणाला हसायची, तेही विचारा.

स्नेहसंमेलन फेब्रुवारीत झालं. त्या चौघांनी जुनं प्रहसन टाकून दिलं आणि नवं लिहिलं. या वेळी लिहिणारे पाचजण होते. मला तालमीला येऊ देत नव्हते. "बाई, तुम्ही पुढच्या रांगेत बसायचं हं," एवढंच सांगितलं होतं. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

पडदा वर गेला. मंचावर एक बाई आल्या. साडी, खांद्याला पर्स, डोक्यावर चढवलेला चष्मा. आणि त्या चष्मा शोधायला लागल्या. टेबलाखाली, खडूच्या खोक्यात, शेवटी एका मुलाच्या डब्यात! मध्येच फळ्यावर 'शुद्धलेखन' लिहिताना 'शुद्ध'चाच शु दीर्घ काढला, आणि वर पोरांनाच ओरडल्या. सगळं सभागृह माझ्याकडे वळून वळून हसत होतं. कारण हे दोन्ही मी केलेलं आहे!

बाईंचं काम कुणी केलं, ते तुम्ही ओळखलंच असेल. तो दोनदा अडखळला. एकदा 'पु-पुस्तक' म्हणताना, एकदा 'गृ-गृहपाठ' म्हणताना. सभागृह थांबलं. शब्द पुढे सरकला आणि नाटकही.

पहिल्या रांगेत बसून मी दोन्ही कुशी दाबून हसत होते. अतिहसित!